कुठून आलात?

सर्व्हर येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, कुठून आलात.
आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखं:
नाव, वेळ, कुणाकडे.
त्या प्रश्नाच्या इंग्रजी नावात कुणीतरी फार पूर्वी
एक अक्षर गाळलं, ते परत कुणी बसवलं नाही.
उत्तरं मी कधी वाचली नव्हती.

ऑक्टोबरचं बिल आलं, नऊ हजार सातशे.
एरवी सहाशेच्या वर जात नाही.
माझी साइट ती काय,
नेरूळच्या तळ्यावरचे रोहित, करावेची खाडी,
आणि दर महिन्याचा भरती-ओहोटीचा तक्ता, हौसेने काढलेला.

रजिस्टर उघडलं.
चौतीस हजार वेळा एकच रोहित.
सगळे एकाच ठिकाणाहून,
पाम बीच रोडवर व्हायच्या चाळीस मजल्यांमधून.
‘खाडीकडे उघडणारी घरं’
आणि मथळ्याखाली माझा पक्षी, एका पायावर.

चोरलं नव्हतं. चोरलं असतं तर एकदाच गेलं असतं.
फोटो माझ्याच घरी होता.
त्यांनी माझ्या भिंतीला खिडकी पाडली
आणि दिवा माझ्या मीटरवर लावला.

मी चार ओळी लिहिल्या.
माझ्या दारातून येईल त्याला चित्र.
बाकी कुणी काहीही मागो, त्याला हे:
कांदळवनात ओतलेला राडारोडा
आणि त्यावर फुटका कमोड, आकाशी रंगाचा.
तोही फोटो माझाच, मागच्या वर्षीचा.
शनिवारभर खाडीकडे उघडणारी घरं कमोडवर उभी होती.
चहा निवला तरी मी रिफ्रेश करत बसले.

रविवारी पहाटे चारला फोन. दिवाळ्याचा प्रणित कोळी.
“मॅडम, तो पाण्याचा तक्ता तुमचाच ना?
आमच्या ॲपमधी तोच येतो.
आज पानी नाय दिसत. संडास दिसतो.”
मागे कुणी म्हातारं माणूस
खोकल्यासारखं हसलं.

पाचवी ओळ घातली: या गावाला आत सोडा.
दोन मिनिटांचं काम.
पण नवा तक्ता रिकामाच निघाला.
ज्यांच्याकडून मी आकडे उचलायचे
त्यांनीही त्याच आठवड्यात दार लावलेलं.
चावी रद्द. चारशे तीन.
दरमहा इतके डॉलर भरा,
मग समुद्र किती वाजता येतो ते सांगू.
आठ वर्षं फुकट घेत होते.
कधी आभार मानल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी दिवाळ्याच्या जेट्टीवर गेले, तोंडाने सांगायला.
प्रणितचा आजा, जोमा, जाळं सांधत होता,
दातात धागा.
ऐकून घेतलं सगळं, ॲप, चावी, डॉलर.
मग धागा काढून म्हणाला,
“तिथीची पाऊणपट कर.
चवथीला तीन वाजता भरती. अष्टमीला सा.
खाडीत जरा उशिरा. त्याला चावी कसली?”
“आजा, तिथी कोन बघतं,” प्रणित म्हणाला.
“भिंतीवर टांगलीय. मान वर करायची.”

मी तळहातावर हिशेब मांडला.
षष्ठी. साडेचार.
पाच वाजता पाणी तिसऱ्या पायरीला लागलं.

तेव्हा कुठे त्याने सुई थांबवली.
“कुठून आलीस, बाय?”
सीवूड्स, म्हटलं. सेक्टर अठ्ठेचाळीस.
“कुठं तिथं?”
बिल्डिंगचं नाव सांगितलं. ते त्याला कळलं नाही.
रस्ता सांगितला, वळण सांगितलं,
नाल्यावरचा छोटा पूल, मग आमचं गेट.
पुलाशी त्याने मान हलवली.

“मिठागर व्हतं आमचं.
तुमच्या गेटाशी उघाडी व्हती.
पानी कधी आत घ्यायचं, कधी नाय,
ते माझा बाप बघायचा.”

आणि पुन्हा धागा दातात धरला.